वाघदेवाजवळ बसणारी सुमनवहिनी

आंबागडहून भाच्याचा फोन आला. "आत्या, माय गेली." माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "वाघ?" तो म्हणाला, "नाही. वाघदेवाजवळ बसूनच होती. अंगावर ओरखडाबी नाही. डॉक्टर म्हणते, हार्ट बंद पडलं."

सुमनवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन आली तेव्हा इतकी भित्री, की दिवेलागणीनंतर अंगणात जायलाही तिला सोबत लागे. दादा मोहफुलं वेचायला जंगलात गेला आणि वाघानं त्याला ओढून नेलं. त्यानंतर तर ती घरातही भिंतीला पाठ लावूनच बसायची. तेरवी झाल्यावर गावानं जंगलाच्या कडेला वाघदेवाला नारळ फोडला. शेंदूर फासलेला एक दगड, एवढाच तो देव. सगळे परतले, वहिनी उठेचना. दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली. मग रोज संध्याकाळी, दिवा घेऊन. मुलगा ओरडायचा, वनरक्षक समजावून जायचा. सकाळी दगडाभोवतीच्या मातीत पंजे उमटलेले दिसत, कधी तिच्या पावलांवरच. मी एकदा चिडून विचारलं, "कायले जातेस वहिनी? त्यानंच दादाले नेलं ना?"

"म्हणूनच जातो," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी शिव्या द्याले बसली होती मी. शिव्या सरल्या, अन् हात जोडल्या गेले… आतापर्यंत मी कोनाची पोरगी, कोनाची बायको. त्याच्यासमोर बसतो तं मी मीच रायतो. भेव नाही वाटत."

खरंच होतं ते. तेंदूपत्ता तोडायला निघालेल्या बाया तिलाच पुढे चालायला सांगत. तिचा आवाज मोकळा झाला होता, मान वर आली होती. मला मात्र त्या धीटपणाचीच धास्ती वाटे. शेवटच्या भेटीत ती सहज बोलून गेली, "आजकाल तो मागं येऊन थांबते, बाई. श्वास आयकू येते."

"तू पाह्यलं त्याले?"

"मी मागं पाहत नाही."

वहिनीच्या तेरवीला गेले तेव्हा दिवस मावळताच साऱ्या गावानं दारं लावून घेतली. आमचंच दार उघडं होतं. भाचा उंबरठ्याजवळ बसून होता. मी म्हटलं, "लाव ना रे दार."

"थांब ना आत्या," तो हळूच म्हणाला. "मायची घरी यायची वेळ आहे."

अंगणापलीकडे काहीच दिसत नव्हतं. कुत्री एकाएकी गप्प झाली… दार लावायला मीही उठले नाही.