बोरूतला बगळा

शनिवार, १५ नोव्हेंबर. चार हजार तीनशे पन्नास तेंगे. उल्मेकेनने नोटा आणि नाणी इमिनच्या खिडकीतल्या फळीवर मांडली, दोनदा मोजली आणि पर्स उलटी करून दाखवली. इमिनने साडेचार हजार सांगितले होते.

“बसपुरते ठेवलेत,” ती म्हणाली. “दीडशे कमी पडतात.”

“फोनवरून टाक की, अपा. सगळं शहर फोनवरून टाकतं.”

“माझ्या फोनला बटणं आहेत. त्यातून फक्त आवाज जातो.”

इमिन हसला. थोरल्या बाईला तिथे अपाच म्हणतात. तळ्याच्या फाटकाजवळच्या त्या टपरीत तो बूट, कुलपं, बॅगांच्या चेन, छत्र्या, जे येईल ते दुरुस्त करायचा. दुर्बिणीच्या तिपाईचा मोडका पाय मात्र त्याच्याकडे पहिल्यांदाच आला होता. त्याने त्यात सायकलच्या नळीचा तुकडा घालून स्क्रू आवळले होते. त्याने तिपाई उभी करून तिच्यावर कोपर टेकून दाखवलं.

“बघ, माझं वजन पेलते. आता ही तोफ डागणार कुणावर?”

“चांदव्यांवर.”

“चांदवा हा काय मारायचा पक्षी! शिजवलं की घरभर चिखलाचा वास. बरं, दीडशे उद्या दे. तळ्यावरून याच वाटेने जाशील ना? आणि आमचा बगळा कसा आहे तेही सांग. बावीस वर्षं या फाटकावर बसलोय, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की असा बगळा अल्माटीत दुसऱ्या कुठल्या तळ्यावर नाही. पण मला एकदा दिसेल तर शपथ! माझ्यावर रुसलाय की काय?”

“तो लपून बसतो,” उल्मेकेन म्हणाली. तिलाही तो कधी दिसला नव्हता, हे तिने सांगितलं नाही.

यात खोटेपणा नव्हता, पद्धतच तशी होती. नोव्हेंबरच्या मधल्या रविवारी पक्षिमंडळाची माणसं शहरातल्या सगळ्या तळ्यांवर पाणपक्षी मोजत, आणि प्रत्येक तळ्यावर दोघं असत. एकाने बघायचं आणि बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. वीटभट्टीच्या तळ्यावर बघायच्या ईराइदा पावलोव्ना आणि लिहायची उल्मेकेन. ईराइदा पावलोव्ना जन्मभर शाळेत भूगोल शिकवत आल्या होत्या, त्यामुळे नियम त्यांचाच. लिहिणाऱ्याने मान वर करायची नाही. “तू वर बघितलंस, उल्या, की तुझ्या मनात तुझा आकडा येतो. मग कागदावर धड माझा उतरत नाही आणि धड तुझाही नाही.” उल्मेकेनला ते पटलं होतं. शेवटी दोघींनी सही करायची. बघणारीची सही आकड्यांसाठी, लिहिणारीची साक्ष म्हणून.

दोघींची ओळख दवाखान्यात झाली. उल्मेकेन तिथे कोट सांभाळायच्या खिडकीत बसायची, अजूनही बसते. लोक कोट देतात, ती नंबराचा बिल्ला देते. एकतीस वर्षांत तिने एकाचा कोट दुसऱ्याला दिलेला नाही. ईराइदा पावलोव्ना वर्षातून दोनदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे यायच्या. एकदा कोट घेताना त्या म्हणाल्या, “तुमच्यासारखी गोंधळ न करणारी बाई मला हवी आहे. रविवारी सकाळी काय करता?” उल्मेकेन रविवारी सकाळी काहीच करत नव्हती. नवरा जाऊन पाच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, भाऊ ताराझला होता आणि तो सणासुदीलाच फोन करायचा. ती म्हणाली, “काही नाही.” मग अठरा वर्षं नोव्हेंबरचा तो रविवार ठरलेला. दोन घडीची स्टुलं, दुधाच्या चहाचा थर्मास, फडक्यात बांधलेली, पिठाची तळलेली बाउरसाकं. अंगठे कापलेल्या हातमोज्यांतून पेन्सिल धरायची आणि कानावर येईल ते लिहायचं. “चांदवे, चाळीस. पुन्हा चांदवे, पंचावन्न. लाल डोक्याची, अकरा.” पक्षी तिला आवाजाने ठाऊक होते, म्हणजे ईराइदा पावलोव्नांच्या आवाजाने. आणि दर वर्षी सगळ्यात शेवटी, जरा हळू, जणू कुणी झोपलंय अशा सुरात: “पंपघराच्या डाव्या हाताला, बोरूच्या कडेला, तपकिरी बगळा. एक.”

या एकानेच तळं वाचवलं होतं. सहा वर्षांपूर्वी अर्धं तळं बुजवून गाड्यांसाठी गॅरेजं बांधायचं ठरलं, तेव्हा मंडळाने कागद पुढे केला: हा बगळा दुर्मीळ आहे आणि दर वर्षी इथेच हिवाळा काढतो. तळ्याचं नाव राखीव जागांच्या यादीत चढलं आणि गॅरेजं मागे पडली. फाटकावर पाटी लागली. तीवर चोच आभाळाकडे करून उभा असलेला बगळा रंगवलेला होता.

मागच्या नोव्हेंबरात ईराइदा पावलोव्ना खुब्याचं हाड मोडून इस्पितळात होत्या आणि तळ्याचा कागद गेलाच नाही. मार्चमध्ये मुलगा त्यांना कालिनिनग्रादला घेऊन गेला. सामान हलवताना तिपाईचा पाय मोडला. दुर्बीण आणि ती तिपाई उल्मेकेनच्या दारात ठेवून त्या म्हणाल्या, “आता तू बघ.” लिहील कोण, ते त्याही बोलल्या नाहीत.

लागोपाठ दोन वर्षं कागद कोरा राहिला तर तळं यादीतून जातं. मंडळाच्या दियासने ऑक्टोबरातच फोन करून तेवढं सांगितलं होतं. “अपा, जोडीला द्यायला माणूस नाही हो माझ्याकडे. तुम्हाला जमेल तसं करा. चार वाजेपर्यंत आकडे सांगा, कागद मागाहून पाठवा.”

रविवारी ती आठला तळ्यावर पोचली तेव्हा काठाला हातभर रुंद बर्फ धरला होता. डोंगर अर्ध्यापर्यंत पांढरे. तिने तिपाई रोवली, स्टूल उघडलं, मग दुसरंही उघडलं. उघडल्यावर तिच्या लक्षात आलं की दोन्ही आणली आहेत. ते परत मिटायला बरं वाटेना, म्हणून तिने त्यावर थर्मास ठेवला.

पहिला तास फुकट गेला. दुर्बिणीतून बघायचं की लिहायचं? लिहायला मान खाली घातली की कळप सरकलेला असायचा आणि चाळिसावा चांदवा कुठला ते समजायचं नाही. तिसऱ्यांदा हिशेब चुकला तेव्हा तिने कोटाच्या खिशात हात घातला. खिशात दवाखान्यातले जुने, नंबर पुसलेले बिल्ले होते, टाकून द्यायचे म्हणून आणलेले. तिने सगळे उजव्या खिशात घेतले. दहा चांदवे झाले की डोळा न काढता एक बिल्ला डाव्या खिशात. कोट घ्यायचा, बिल्ला द्यायचा, हे हात तिच्या डोक्यावाचून करत होते. शेवटी डावा खिसा रिकामा करून मोजला: अठ्ठावीस बिल्ले, आणि वर सात. चांदवे, दोनशे सत्त्याऐंशी. तिने लिहिलं.

मग हिरव्या डोक्याची बदकं, एकशे चौसष्ट. लाल डोक्याची, एकतीस. कुरव, बारा. आणि पाच टिबुकल्या. त्या बुडायच्या आणि भलतीकडेच वर यायच्या, त्यांना तिने चार वेळा मोजलं. चांदव्याच्या कपाळावर खडूने ओढल्यासारखा पांढरा पट्टा असतो आणि त्याची बोटं हिरवट, पाकळ्या फुटल्यासारखी असतात, हे तिने बाराएक हजार चांदवे लिहून झाल्यावर आज पहिल्यांदा पाहिलं. “अग बाई,” ती मोठ्याने म्हणाली आणि बाजूला वळली. स्टुलावर थर्मास होता.

बगळा तिने शेवटी ठेवला. दुर्बीण पंपघरावर नेली, तिथून डावीकडे, बोरूच्या कडेकडेने. आणि तो होता. वाळक्या बोरूच्याच रंगाचा, अंगावर उभ्या काळपट रेघा, मान ताणलेली, चोच आभाळाकडे. अगदी पाटीवर होता तसा. उल्मेकेनच्या डोळ्यांना पाणी आलं. थंडीने येतं तसं नव्हे. ती डोळे पुसून पुन्हा बघायला लागली.

तिने लगेच लिहिलं असतं तर काम संपलं असतं. पण अठरा वर्षं जो तिने कानांनी पाहिला होता, तो इतक्या लवकर सोडवेना. तिने चहा ओतला, एक बाउरसाक खाल्लं आणि पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. बगळा तसाच. पाव तास गेला. उन्हाची तिरीप फिरून त्याच्यावर आली, तरी त्याने मानही वळवली नाही. तिला त्याच्या चिकाटीचं कौतुक वाटलं.

मग एक राखी कावळा आला आणि बगळ्याच्या चोचीवर बसला. बसला, चोचीवर आपली चोच घासली, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, शिटला आणि उडाला.

उल्मेकेनने दुर्बीण तशीच सोडली आणि काठाने चालत पंपघरापर्यंत गेली. चालायला वीस मिनिटं लागली. तिथून तो चार पावलांवर होता. जुन्या धक्क्याचा खुंट. टोक तिरकं फुटलेलं, सालीवर पाण्याने ओढलेल्या काळ्या रेघा, बुडाशी गंजलेली तार. खुंट बराच जुना होता. तिच्या लग्नाहूनही जुना असेल.

ती तिथे उभी राहिली. ईराइदा पावलोव्ना डोळ्यांच्या डॉक्टरकडे वर्षातून दोनदा यायच्या, मग तीनदा, मग दर दोन महिन्यांनी. त्यांचा कोट उल्मेकेननेच घेतला होता, दर वेळी. त्यांनी जाणूनबुजून केलं नव्हतं, याबद्दल तिला जराही शंका नव्हती. त्यांना बगळाच दिसत होता. आणि साक्षीला जी बसली होती तिने मान वर केली नव्हती.

परत येऊन तिने कागद मांडीवर घेतला. शेवटचा रकाना रिकामा होता. एक लिहिलं तर तळं राहतं, गॅरेजं येत नाहीत आणि कुणाला काही कळत नाही. पेन्सिलीचं टोक रकान्यावर टेकून ती बराच वेळ बसली. पाण्यावर चांदवे एकमेकांवर खेकसत होते.

साडेतीनला तिने दियासला फोन लावला आणि एकेक आकडा सांगितला.

“वा, अपा! एकटीने? कमाल केलीत. आणि बगळा एक.”

“बगळा शून्य.”

“शून्य म्हणजे दिसला नाही, की नव्हता?”

“कागदावर एकच रकाना आहे, बाळा.”

“अपा, तो पक्षीच लपणारा. तुम्ही पहिल्यांदाच बघताय. मी एक लिहून टाकतो. मागची अठरा वर्षं एक आहे, कोण विचारणार आहे?”

“अठरा वर्षं मी लिहिलं. आज मी पाहिलंय. शून्य लिही.”

“मागच्या वर्षी कोरा, यंदा शून्य. डिसेंबरच्या बैठकीत ते यादीतून नाव काढायला बसलेच आहेत. नंतर मला बोल लावू नका.”

“दोनशे सत्त्याऐंशी चांदवे आहेत. ते सांग त्यांना.”

“चांदव्यांवर कोण तळं राखतं, अपा!” दियास म्हणाला. मग जरा हळू, “मग आधीच्या कागदांचं काय समजायचं?”

“त्यांवर माझी सही आहे,” उल्मेकेन म्हणाली. “विचारायचं ते मला विचारा. ईराइदा पावलोव्नांना नाही.”

कागदावर बघणाऱ्याच्या जागी तिने आपलं नाव घातलं. लिहिणाऱ्याच्या जागी रेघ ओढली. दोन्ही स्टुलं मिटली, तिपाई खांद्यावर घेतली आणि फाटकापर्यंत आली. इमिनच्या टपरीत दिवा होता. तो कुणाचा तरी बूट गुडघ्यात धरून ठोकत होता आणि गिऱ्हाइकाला हातोडीने पाटी दाखवत काहीतरी सांगत होता. दीडशे तेंगे तिच्या मुठीत होते, सकाळी पावाच्या दुकानात मोडून घेतलेले. ती मागे वळली आणि लांबच्या, रेल्वेच्या बाजूच्या दाराने बाहेर पडली.

संध्याकाळी सातला घरातला फोन वाजला. कालिनिनग्रादला तेव्हा चार वाजले होते. ईराइदा पावलोव्नांचा आवाज बारीक झाला होता, पण शाळामास्तरणीचा तोच ठसका.

“बोल, उल्या. एकेक सांग. मी लिहून घेते.”

“तुम्ही लिहिणार?”

“मग काय करू? इथे खिडकीतून समोरची भिंत दिसते. सांग.”

उल्मेकेनने सांगितलं. पलीकडे कागदावर पेन्सिल सरकताना ऐकू येत होती. दोनशे सत्त्याऐंशीला त्या म्हणाल्या, “कमी झालेत,” टिबुकल्यांना म्हणाल्या, “शाबास.” मग थांबल्या आणि आवाज खाली आणला.

“आणि तो?”

“दिसला नाही.”

“पंपघराच्या डाव्या हाताला बघितलंस?”

“बघितलं.”

“तुला धीर नाही. थांबायचं असतं, उल्या. तो हलत नाही.”

“हो,” उल्मेकेन म्हणाली. “हलत नाही.”

“पुढच्या वर्षी जास्त थांब.”

“थांबेन.”

सून हाका मारत होती, म्हणून फोन ठेवला गेला. उल्मेकेनने खिशातले बिल्ले काढून जुन्या चहाच्या डब्यात ठेवले. टाकून दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली ती तळ्याच्या फाटकावरून न जाणाऱ्या बसने. त्या बसने अकरा मिनिटं जास्त लागतात. त्यानंतरही ती त्याच बसने जाते.

इमिनचे दीडशे तेंगे अजून द्यायचे आहेत.