डावं टोक

जबलपूर स्टेशनवर बाबांनी माझी वळकटी पुन्हा बांधली. मी बांधलेली त्यांना पसंत नव्हती. फॅक्टरीतली पाळी संपवून ते रांझीहून सायकलने थेट आले होते, हाताला तेलाचा वास होता. दोरीची गाठ मारून म्हणाले, "उघडताना डावं टोक ओढजो. उजवं ओढशील तर आवळंल." मग गाडी हलल्यावर, "तीन वर्षं म्हनजे तीनच. चवथं नको करू." फिजीत, सुवाला उतरल्यावर मी नेमकं उजवं ओढलं आणि शेवटी दोरी कापली.

नंदा, माझ्या धाकट्या बहिणी, हे तुझ्यासाठी लिहितो आहे, आणि आपल्यासारखे जे जे कुठे कुठे जाऊन बसले त्यांच्यासाठीही. फिजीत मी गणित शिकवायला गेलो. शाळेतली बहुतेक मुलं गिरमिटियांची, म्हणजे ऊसमळ्यांवर करारावर आणलेल्या मजुरांची, नातवंडं, त्यांची हिंदी वेगळी, माझी जबलपुरी ऐकून ती खुदखुदायची. मराठी मात्र कुणाशीच बोलायची सोय नव्हती. कधी कधी भात शिजताना मी स्वतःशीच मोठ्याने म्हणायचो, "झालं बरं का." खोलीत कुणी हूं म्हणणारं नव्हतं. असा एकटेपणा मी रांझीच्या गजबजलेल्या क्वार्टरमध्ये कधी पाहिलाच नव्हता.

तिसरं वर्ष भरत आलं आणि सत्तर साल उजाडलं. शहाण्णव वर्षांचं इंग्रजी राज्य संपणार होतं. नवा झेंडा आला, फिकट निळा, पण कोपऱ्यात इंग्रजांचं निशाण तसंच. मी बाबांना चित्र काढून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, "कोपऱ्यात साहेब काहून ठेवला?" त्याच सुमारास माझा इथे राहण्याचा परवाना संपत होता. परत जायचं, नाहीतर अर्ज करून इथलाच नागरिक व्हायचं. नोकरी चांगली होती, मुलं जीव लावत होती. मी अर्जावर सही केली. बाबांना मात्र कळवलं नाही. पुढच्या पत्रात लिहू, असं दर पत्रात ठरवायचो.

शाळेच्या झेंडावंदनाच्या आधी हेडमास्तर म्हणाले, "मास्टर जी, आप आज़ाद देश से आए हैं, आप ही बताइए." मला काय, चेव आला. इथे झेंडा उघडाच वर चढवतात. मी आपल्याकडच्यासारखी त्याची पुरचुंडी केली, आत जास्वंदीच्या पाकळ्या भरल्या आणि बाबांची गाठ मारली. कॉलनीच्या मैदानावर दर पंधरा ऑगस्टला बाबाच झेंडा बांधायचे, आणि पाहुण्यांच्या कानात हळूच सांगायचे, "डावं ओढा, साहेब." तेवढंच सांगायचं मी विसरलो.

हेडमास्तरांनी उजवं ओढलं. मुलांनी नवं राष्ट्रगीत सुरू केलं, आणि वर काठीला नुसतं गाठोडं लटकलेलं. मग शाळेचा सुतार जोने, इथला मूळचा फिजियन, अनवाणी पायांनी नारळावर चढावं तसा काठीवर चढला आणि गाठ सोडली. पाकळ्या त्याच्याच डोक्यावर पडल्या. सगळे हसले, मीही हसलो. त्याच्या देशाचा झेंडा त्याच्याच हाताने उघडला, हे बरंच झालं असं मला मनापासून वाटलं.

ही फजिती मी बाबांना सविस्तर लिहिली, आणि त्याच पत्राच्या शेवटी अर्जाचंही सांगून टाकलं. महिन्याने उत्तर आलं. अर्जाबद्दल एवढंच होतं, "छप्पन साली राज्यं बदलली, नागपूर तिकडं मुंबई राज्यात गेलं, आपन इकडं मध्य प्रदेशात राहिलो. मले कोनी विचारलं नोतं. तुले विचारलं, हे बरं आहे." आणि खाली, "गाठ बांधता येते तुले. सोडाचं शिकवाचं माझं राहून गेलं. पंधरा ऑगस्टले ये, शिकवतो."

मी गेलो नाही. शाळेला सुट्टी नव्हती, म्हणजे मी मागितली नव्हती. पुढच्या थंडीत बाबा गेल्याची तुझी तार आली.

विमानतळावरच्या फॉर्मवर राष्ट्रीयत्व फिजी लिहिलं. 'भेटीचं कारण' या रकान्यापाशी थांबलो, आणि तो कोराच ठेवला. घरी तू खुंटीवरून गाठ मारलेला दोरीचा एक तुकडा काढून दिलास. म्हणालीस, "दादा, ऑगस्टपासून बांधून ठेवली होती त्यांनी. मले हातबी लावू देत नोते." डाव्या टोकाला लाल दोरा गुंडाळला होता, मला चुकायला नको म्हणून. मी ओढलं. गाठ इतक्या सहज सुटली की मला रडू आलं.

आता इथे दर वर्षी झेंडा मीच बांधतो, डाव्या टोकाला लाल दोरा लावतो आणि पाहुण्याच्या कानात सांगतो. जोने शेजारी उभा राहून हसतो. पाकळ्या नीट पडतात. लोक विचारतात, मास्तर, तुमचं घर कुठलं? मी सुवा सांगतो आणि ते खोटं नाही. पण घर म्हणजे मी कोणतं टोक विसरणार हे आधीच माहीत असलेला माणूस, आणि तो रांझीत राहायचा.