आवाजाखालचं इंजिन

आमच्या घरात होम थिएटर आलं ते दोन हजार चारच्या आसपास, एका मे महिन्यात. मी तेव्हा रत्नागिरीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. वस्तूबरोबर आलेलं माहितीपुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय मला चैन पडत नसे, आणि आई त्याला काथ्याकूट म्हणे. दुकानातल्या माणसाने पाच छोटे स्पीकर भिंतींना ठोकले, सबवूफरचा काळा खोका जमिनीवर ठेवला, एक हाणामारीचा सिनेमा लावून दाखवला आणि चहा पिऊन तो गेला. कपाटातल्या कपबश्या थरथरल्या म्हणून तो खूश होता. मला मात्र ते ऐकवेना. नुसता ढुमढुमाट, आणि माणसांची बोलणी त्यात बुडालेली.

पुस्तक उघडल्यावर घोटाळा कळला. छोट्या स्पीकरांना जाड आवाज झेपत नाही, म्हणून एका ठरावीक पातळीखालचा आवाज त्यांच्याकडून काढून सबवूफरकडे द्यायचा असतो. ही वाटणी ज्या पातळीला होते तिला क्रॉसओव्हर म्हणतात. ती फार खाली ठेवली तर मधला आवाज कोणाच्याच वाट्याला येत नाही. फार वर ठेवली तर माणसाचं बोलणं कोपऱ्यातल्या खोक्यातून यायला लागतं. दुकानदाराने ही वाटणी केलीच नव्हती, सगळे सगळंच वाजवत होते.

खोका कुठे ठेवावा याचीही एक तऱ्हा पुस्तकात होती. तो आपल्या बसायच्या खुर्चीवर ठेवायचा, आपण भिंतीच्या कडेने रांगत ऐकायचं, आणि आवाज जिथे नीट येईल तिथे त्याला न्यायचं. मी तसा रांगत असताना शेजारच्या काकू दारात आल्या, आणि मास्तरांचं काय हरवलं म्हणून आईला विचारून गेल्या. आईही हसली. त्या दिवसातलं तिचं तेवढंच हसणं मला आठवतं.

आता पातळी ठरवायची तर मला एक असा पुरुषी आवाज हवा होता, जो मी नीट ओळखतो. बातम्या देणाऱ्याला मी कधी समोर ऐकलेलं नव्हतं. मग मी बाबांची कॅसेट काढली. एवढा शिकलेला माणूस मी, पण हे करताना मला काहीच कसं वाटलं नाही, ते आजही कळत नाही.

बाबा जहाजावर होते, इंजिनरूममध्ये. तेव्हा आमच्याकडची बोटीवरची माणसं पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची. जयगडचा नाहीतर दाभोळचा कोणीतरी सुट्टीवर घरी निघालेला असे, तो ती आणून देई. आमच्याकडे अशा सात-आठ होत्या. होम थिएटर आलं त्याच्या पाच वर्षं आधी बाबा जहाजावरच हृदय बंद पडून गेले. त्यांची शेवटची कॅसेट सगळ्यात स्वच्छ होती, म्हणून मी तीच घेतली.

त्या कॅसेटबद्दल सांगायला हवं. शेवटच्या सुट्टीत डॉक्टरांनी बाबांना इंजिनरूमची उष्णता आणि जिने बंद सांगितले होते. आईने त्यांना ग्रामदेवतेच्या देवळात नेलं, नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, आणि यापुढे फक्त स्टोअरचं, सामानाच्या कोठीतलं बैठं काम करीन असं त्यांच्या तोंडून वदवून घेतलं. मगच जाऊ दिलं. आणि कॅसेटमध्ये बाबा सांगत होते की आता पंख्याखाली बसून असतो, इंजिनचं तोंडही बघत नाही. बाबा गेल्यावर आई त्या वाक्याला धरून होती. नशिबात होतं, पण माणसाने शब्द पाळला, असं ती सगळ्यांना सांगे.

ते खोटं आहे हे मला माहीत होतं. सुट्टी संपवून निघताना एसटी स्टँडवर बाबा मला म्हणाले होते की स्टोअरचं काम काही मिळालेलं नाही, आईला बोलू नकोस. मी मान हलवली. मी बाविशीचा होतो, आणि बाबांनी मला विश्वासात घेतलं याचा मला आनंद झाला होता.

वाटणीची पातळी मी शंभर हर्ट्‌झ ठेवली, जुना टेपरेकॉर्डर वायरने जोडला आणि कॅसेट लावली. बाबांचा आवाज असा भरून आला की मी जागच्या जागी उभा राहिलो. छाती होती त्या आवाजाला. मग ते श्वास घ्यायला थांबले, आणि त्या थांबण्यात कोपऱ्यातून धडधड वर आली. ते बोलायला लागले की ती खाली जाई, थांबले की पुन्हा वर येई. रेकॉर्डर शांततेत आपोआप कान मोठा करतो, हे मी मुलांना शिकवलेलं होतं. पण आमच्या जुन्या टेपरेकॉर्डरच्या चिमुकल्या स्पीकरला एवढं जाड काही वाजवताच येत नव्हतं. म्हणून पाच वर्षं ते इंजिन त्या फितीत होतं आणि आम्ही ऐकलं नव्हतं. भरदुपारी माझ्या अंगावर काटा आला. बाबा माझ्या पाठीमागे उभे राहून काम करताहेत असं वाटलं आणि मला भीती वाटली, स्वतःच्या बापाची.

मी घाईघाईने सबवूफर बंद केला. इंजिन गेलं, बाबांचा आवाज कागदासारखा झाला. आई मागच्या पडवीत आमसुलांसाठी रातांबे फोडत होती, ती मनगटापर्यंत लाल झालेले हात घेऊन दारात आली.

"बंद कशाला केलंस? मघाशी ह्यांचा आवाज नीट येत होता."

मशीन बिघडलंय, घरघर येतेय, असं मी सांगितलं. ती म्हणाली, येऊ दे, मघासारखं लाव. मी आणखी दोन सबबी काढल्या. ती खोक्याशेजारी जमिनीवर बसली, आणि मला लावावंच लागलं.

लग्नानंतर एकदा बाबांचं जहाज मुंबईला लागलं होतं, तेव्हा त्यांनी आईला इंजिनरूम दाखवली होती. कानांवर हात ठेवून ती पाच मिनिटं उभी होती म्हणे. तो आवाज कसला, हे मी तिला सांगायची गरज नव्हती. पंख्याखाली बसून असतो, म्हणत बाबा थांबले आणि धडधड वर आली. आईने तळवा खोक्यावर ठेवला.

"देवासमोर बोलला होतात तुम्ही," ती म्हणाली.

कॅसेटमधले बाबा आंब्याच्या कलमांना पाणी घालताय ना, असं विचारत होते. आईने माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

मी नाही म्हटलं.

तिने मान हलवली. "नसणारच. असतं तर तू मला सांगितलं असतंस. आणि मी काही ह्यांना जाऊ दिलं नसतं."

ती हे माझी समजूत काढावी तशी म्हणाली. कॅसेट संपेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसलो. ती कॅसेट तिने पुन्हा कधी मागितली नाही, मी ते शंभर कधी बदललं नाही, आणि एखाद्या सिनेमात दोन वाक्यांच्या मध्ये कोणी थांबलं की मी अजूनही कोपऱ्याकडे बघतो. आई त्यानंतर नऊ वर्षं होती. मी तिला सांगितलं नाही.