सिद्रचा पाला

सौदीत जुबैलला आमचं आणि घरमालकिणीचं अंगण एकच आहे आणि त्यात एक सिद्र आहे. आपल्या बोरीची सख्खी बहीणच म्हणा. तेच काटे, तशीच बारकी बोरं, फक्त चवीला जरा पिठूळ. घरमालकिणीच्या म्हाताऱ्या आईला आम्ही खाला म्हणायचो. खाला त्याचा पाला वाळवून कुटायची आणि त्यानंच केस धुवायची. मला कोंडा झाला तेव्हा तिनं डबाभर भुकटी दिली. मी मनातल्या मनात हसत घेतली आणि गुण आला तशी निमूट आणखी मागायला गेले.

त्यांच्यात माणूस गेलं की शेवटच्या अंघोळीच्या पाण्यात सिद्रचा पाला घालतात. खाला मला ते झाड दाखवून सांगायची की माझ्या पाण्यात याचाच पाला हवा, दुकानातला नको. तिची लेक इंग्रजीत मला ते समजावायची आणि वर आईला दटावायची. म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

यंदा धाकट्याचं बोरन्हाण होतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, सगळं पुण्याहून आलेलं. इथल्या दुकानांत सफरचंदाएवढी बोरं मिळतात, ती पोराच्या डोक्यावर ओतली तर टेंगळं यायची. मला सिद्रचीच हवी होती. शिवाय गावातली मराठी मुलं अंगणात बोरं लुटायला बसणार, आणि खाली ही काट्यांची पखरण. खालाला दम्मामच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं, घरची सगळी तिकडेच होती. माळी आला तेव्हा मी त्याला हिंदीत म्हटलं, "सब काट दो." त्यानं विचारलं, "मॅडम को पूछा?" मी म्हटलं, "हाँ, पूछा."

थोरली दारात उभी होती. म्हणाली, "आई, यू डिडन्ट आस्क." मी तिला आत पिटाळलं. झाडच आहे, फुटेल परत, एवढाच माझा विचार. मला घाई असली की मी अशीच वागते आणि त्याला कामाचा उरक म्हणते. माळ्यानं बोरांच्या डहाळ्या मला काढून दिल्या आणि झाडाचे नुसते खुंट ठेवले. बाकी सगळं कचऱ्याच्या गाडीतून गेलं.

बोरन्हाण झकास झालं. दोनच दिवसांनी खाला गेली.

सकाळी घरमालकीण आमच्या दारात आली. डोळे सुजलेले, हातात सिद्रच्या भुकटीचं दुकानातलं पाकीट. म्हणाली, "माळ्यानं काय केलं बघितलंस? एक पान ठेवलं नाही. तुझ्याकडे थोडा पाला असेल का?"

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "थांबा, बघते."

बोरन्हाणातली उरलेली बोरं टोपलीत होती, चुरमुरे आणि हलवा चिकटलेली. काही देठांना पानं राहिली होती, सुकून गुंडाळलेली. मी जमिनीवर बसून ती खुडायला लागले. थोरली न बोलवता शेजारी येऊन बसली आणि तीही खुडायला लागली. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. पानांना लागलेली साखर मी पदरानं पुसली. सगळी मिळून जेमतेम मूठभर भरली.

घरमालकिणीनं ती दोन्ही हातांत घेतली आणि हुंगली. मग मला जवळ ओढून माझ्या कपाळाचा मुका घेतला. "माझ्या आईची इच्छा तुझ्यामुळे पुरी झाली," ती म्हणाली.

थोरली बाजूला उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती, मी आता तरी काही बोलते का म्हणून. मी घरमालकिणीला दारापर्यंत पोचवलं आणि दार लावून घेतलं.