झाकणाआडची सही

भामरेभाऊ एसीचं झाकण बंद करण्याआधी कानावरची पेन्सिल काढायचे आणि झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख, केलेलं काम आणि स्वतःचं नाव लिहायचे. सिल्वासातल्या आमच्या सरकारी कार्यालयात ते पहिल्यांदा आले, तेव्हा मी हसून विचारलं होतं, "हे वाचणार कोण, भाऊ?"

"कोनीच नही, साहेब. पन चूक व्हयनी तं नाव मनंच निंघाले पायजे," ते म्हणाले.

धुळ्याकडचा हा माणूस नरोलीत भाड्याच्या खोलीत राहायचा आणि एका शेठकडे राबायचा. वीजकामाचा परवाना शेठच्या नावावर. शेठला पाना कसा धरतात हेही ठाऊक नसावं. शिडीवर भामरेभाऊ, बिलावर शेठ, असं बारा वर्षं चाललं होतं. चालायचंच, असं म्हणणाऱ्यांत मीही होतो.

मग भाऊंनी स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज केला. परवान्याशिवाय कारखान्यांची, कचेऱ्यांची कामं स्वतःच्या नावावर मिळत नाहीत. नियमावर त्यांचा राग मुळीच नव्हता. उलट मलाच सुनावायचे, "परवाना पायजेच, साहेब. वायरले चूक माफ नही." परीक्षा ते पहिल्या फटक्यात पास झाले. अडलं ते अनुभवाच्या दाखल्यावर. तो द्यायचा कुणी? ज्याच्या हाताखाली काम केलं त्या परवानाधारकानं! म्हणजे ज्याचा हुकमी माणूस जाणार, त्यानंच लिहून द्यायचं की याला काम येतं. ही अट ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला मे महिन्यात आमच्या गच्चीवर शिडी देऊन उभं करायला हवं.

दाखला मागितल्यावर शेठ हसून म्हणाला, "तारे लायसन्सनुं शुं काम छे? हुं बेठो छुं ने!" तो बसलाच होता, हे मात्र खरं.

परवान्याचे अर्ज आमच्याच कार्यालयात यायचे, आणि ते टेबल माझं. मी नेहमीच्या अक्षरात शेरा मारला, 'अनुभवाचा दाखला जोडलेला नाही.' भाऊंनी तो वाचला. मेन स्विच बंद केला, माझ्या खुर्चीमागच्या एसीचं झाकण उतरवलं आणि माझ्यासमोर धरलं. वरपासून खालपर्यंत तारखा, कामं, त्यांचं नाव.

"मंग हाई काय शे?"

"भाऊ, पेन्सिलीचं चालत नाही. लेटरहेड लागतं," मी म्हणालो. आजही ते वाक्य आठवलं की स्वतःची लाज वाटते.

तेवढ्यात त्यांना आतली अर्थिंगची वायर ढिली दिसली. त्यांनी ती कसली, झाकणावर लिहिलं, नाव घातलं, झाकण लावलं, मेन चालू केला आणि गेले. त्या कामाचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. महिन्याभरात खोली सोडून ते गावी परतले.

वर्षभरानं शेठच्या परवान्याच्या नूतनीकरणाची फाइल माझ्याकडे आली. केलेल्या कामांची लांबलचक यादी, त्यात माझ्या खुर्चीमागचा एसीसुद्धा! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर माझ्याच हातचा. माझं डोकं फिरलं. मी शेरा लिहिला, 'प्रत्यक्ष काम करणाऱ्याची सही जोडलेली नाही.' वरिष्ठांनी तो लाल शाईनं खोडला. "अहो, असा रकानाच नाहीये फॉर्ममध्ये," म्हणाले. फाइल मंजूर झाली.

परवा शेठची नवी माणसं येऊन सर्व्हिसिंग करून गेली. ती जाताच मी मेन बंद केला आणि झाकण उतरवलं. भामरेभाऊंच्या शेवटच्या ओळीखाली कुणी काही लिहिलं नव्हतं. अर्थिंगची वायर सुटून लोंबत होती.