हंड्यावरचा टॅक्स

केजच्या आमच्या भांड्यांच्या दुकानात आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, काळात कुणी बिल मागितलं की सगळे सावध व्हायचे. हा नक्की कुठल्या तरी ऑफिसातला माणूस. बाकीच्यांना कच्ची चिठ्ठी. दुकान माझ्या हातात आलं तसा मी कॉम्प्युटर आणला, जीएसटी नंबराची पाटी लावली आणि प्रत्येकाला पक्कं बिल देऊ लागलो. अख्ख्या बाजारात एकटाच सरळ माणूस उरलोय, असं मला फार वाटायचं. आप्पा दारातल्या खुर्चीत पेपर वाचत बसायचे, काही बोलायचे नाहीत. त्यालाच मी संमती समजत होतो.

लग्नसराईत धारूरकडच्या एक मावशी आल्या. आमचं जुनं गिऱ्हाईक. लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायची होती आणि मोडीत घालायला तांब्याचा हंडा आणला होता. मोड वजनावर घ्यायची, तिची किंमत नव्या भांड्यांतून वजा करायची आणि वरचे पैसे रोख, ही आमच्याकडची रीत. मावशींनी तसाच हिशोब करून नेमके पैसे आणले होते.

मी बिल काढलं. कायद्यानं टॅक्स नव्या भांड्यांच्या पूर्ण किमतीवर लागतो. जुना हंडा दिला म्हणून ती कमी होत नाही. मावशींना पैसे कमी पडले. बिल उलटसुलट करून त्या म्हणाल्या, "दादा, वरच्या पैशावर घ्या की टॅक्स. माझ्या हंड्यावर कावून?"

मग मी त्यांना देश कसा चालतो ते समजावून सांगितलं. शाळा, दवाखाने, रस्ते, काही सोडलं नाही. त्या ज्या रस्त्यानं हाडं खिळखिळी करून आल्या होत्या, तो तेवढा मुद्दाम वगळला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, हंडा उचलला आणि समोरच्या दुकानात गेल्या. तिथं बिल हा शब्दच कुणी काढत नाही.

आप्पांनी पेपरची घडी घातली आणि त्यांच्यामागं निघाले. त्या दुकानाची पायरी ते कित्येक वर्षांत चढले नव्हते. मावशींना परत आणायला गेले असतील असं मला वाटलं. पण ते तिथं काट्यापाशी उभे राहिले, हंड्याच्या वजनात कुणी मारू नये म्हणून. अर्ध्या तासानं दोघं आली. सगळी भांडी आप्पांनी माझ्यापुढं मांडली आणि लेकीचं नाव घालायला सांगितलं. नाव कोरायचं मशीन समोरच्या दुकानात नाही, आणि आम्ही ते फुकट घालून देतो.

मी भडकलो. टॅक्स बुडवणाऱ्याला तुम्हीच साथ देता, म्हणालो.

"टॅक्स भर की, न्हाई कोण म्हणतंय," आप्पा म्हणाले. "पर तू तुझ्या नफ्यातून थोडं सोडलं असतं, तर बिलबी झालं असतं अन् तिचं भागलंबी असतं. इमानदारी तुझी, अन् पैसे तिनं कावून द्यायचे?"

कॉम्प्युटरवर बिलात 'सूट' असा रकाना होता. इतक्या दिवसांत मी त्याला हात लावला नव्हता. मला खरंच लाज वाटली. मशीन घेऊन मी खाली बसलो आणि पहिली परात मांडीवर घेतली. मावशी शेजारी बसल्या. चार-पाच भांडी झाल्यावर त्यांनी बिचकत विचारलं, "दादा, नाव घालायला टॅक्स न्हाई ना?"

नाही म्हणालो, पण मान वर करायची हिंमत झाली नाही.