पाच कोश आणि एक खोडरबर

"घेता का नाही तेवढं सांगा मॅडम. मंग मी मोकळा," भिकाजीकाका म्हणाले.

माझ्या टेबलावर पाच जाडजूड इंग्रजी पुस्तकं होती. सगळे रॉक संगीताचे कोश. कोणता बँड, त्यात कोण वाजवायचं, कोणते अल्बम आले, याची एबीसीडीच्या क्रमाने माहिती. मेहकरच्या आमच्या वाचनालयात मी वीसेक वर्षं ग्रंथपाल आहे. हा विषय कधी आला नव्हता.

काका सुलतानपूरचे, भाजीपाला पिकवणारे. पुस्तकं त्यांच्या मुलाची, विनोदची. तो पुण्यात नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी गिटार वाजवायचा. मागच्या वर्षी मोटरसायकलच्या अपघातात गेला. पुस्तकं वाचनालयात राहावीत, आत त्याच्या नावाचं लेबल असावं, एवढंच काकांना हवं होतं.

याआधी ते एकदा येऊन गेले होते. मी रजेवर होते. दाराशी दानाच्या नियमांचा फलक आहे. त्यात एक ओळ आहे : लिहिलेली, खुणा केलेली पुस्तके स्वीकारली जाणार नाहीत. शिपायाने ती दाखवली आणि काका परत गेले. आता पुन्हा आले होते.

मी अध्यक्षांना फोन केला.

"रॉक? दगडांची असतील तर लोणारला पाठवा," ते म्हणाले. "इथं स्पर्धा परीक्षेच्या पोरांना बसायला जागा नाही."

"संदर्भ विभागात बसतील का, तपासून सांगते."

"तपासा. पण दुःखाकडे बघून घेऊ नका. उपयोगाकडे बघा."

संदर्भग्रंथ कुणी सलग वाचत नाही. हवं ते शोधायचं आणि मिटवून ठेवायचं. म्हणून मी आधी शेवटची सूची बघते. मग प्रकाशनाचं साल. मग तोल, म्हणजे कुणाला किती जागा दिली आणि कुणाला वगळलं. विषय येत नसला तरी हे तपासता येतं.

निकाल चांगला नव्हता. दोन पुस्तकं एकाच कोशाच्या जुन्या-नव्या आवृत्त्या निघाल्या. एकाला सूचीच नव्हती. सगळी जागा अमेरिका आणि इंग्लंडने खाल्लेली. एकेका बँडला कित्येक पानं, भारताला अर्धा कॉलम. बायका बहुतेक कुणाच्या तरी पत्नी म्हणून आलेल्या.

पण समास विचित्र वाटले. कागदाची तकाकी गेली होती, कडेला लव उठली होती. पान तिरकं धरलं की पेन्सिलीचे चर दिसत, अक्षरं लागत नव्हती. शिवणीत रबराचा भुगा अडकला होता.

पाचव्या कोशात दोन पानं चिकटलेली होती. मी ती हलकेच सोडवली. आत बारीक इंग्रजी अक्षरांनी समास भरला होता.

काका पटकन उठले. "राह्यलं का एक? द्या इकडं, आत्ता पुसतो." त्यांनी खिशातून खोडरबर काढलं.

मी पानावर हात ठेवला. "राहू द्या काका."

"काऊन? नियम हाय ना तुमचा. समदं पुसून आणलं म्या. कितीक दुपारी बसलो. पोरानं गिचमिड करून ठेवली व्हती."

"वाचलं नाही का?"

"मले कुठं इंग्रजी येते? काय लिवलं हाय त्यानं?"

त्याने लिहिलेलं मी मराठीत वाचून दाखवलं. "ही बाई ड्रम वाजवायची. बँड तिनेच उभा केला. इथे तिला नुसती गायकाची बायको म्हटलंय. हिची खरी माहिती आणि भारतातले राहिलेले बँड मी निळ्या कोशात शेवटी लिहिलेत, ते बघा."

काकांनी स्वतःच निळा कोश माझ्याकडे सरकवला. मी शेवटची पानं उघडली.

"काय हाय तिथं?"

"काही नाही काका. कोरं आहे."

"म्हंजे समद्यातच असं व्हतं?"

"असावं."

ते खाली बसले. रबर मुठीतच होतं. "तुमच्याकडं ठेवाची तर साफ पायजे ना. म्हणून केलं," ते म्हणाले. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

अध्यक्षांना कळवलं : माहिती जुनी, मांडणी एकांगी, वाचनालयाला उपयोग नाही. छापील मजकुराबद्दल ते खरं होतं; समासातल्या पानाबद्दल मी बोलले नाही. ते म्हणाले, "मग परत करा."

काकांनी वाद घातला नाही. "हे पान कसं टिकन?" एवढंच विचारलं. पेन्सिल वर्षानुवर्षं टिकते, फक्त घासली जाऊ द्यायची नाही, असं मी सांगितलं. मधे बटर पेपर घालून दिला. चार पुस्तकं त्यांनी पिशवीत भरली. पाचवं छातीशी धरून ते बस स्टँडकडे गेले.

दानात आलेल्या पुस्तकाचा मी आता आधी समास बघते. छापलेलं दुसरीकडे मिळतं.